डाळीतला गूळ

आमच्या कंपनीला पहिलं काम मिळायच्या आधी पहिली शाल मिळाली. शाल, नारळ, कुंडीतलं रोपटं आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह, त्यावर आमच्या कंपनीचं नाव चुकीचं कोरलेलं. सिल्वासातल्या कारखानदारांना नव्या कंपन्यांना प्रोत्साहन द्यायची भारी हौस. प्रोत्साहन म्हणजे सत्कार. दर संमेलनात कुणीतरी माइकवरून सांगायचं की आपल्या भागातले स्टार्टअप मोठे झाले पाहिजेत. मग टाळ्या, मग फोटो, मग सगळे जेवायला. जेवून झालं की हात पुसत आमच्या स्टॉलवर यायचे आणि विचारायचे, "इथल्या वायफायचा पासवर्ड काय आहे हो?"

पासवर्ड असा कुणाला विचारू नये आणि सांगूही नये, हेच सांगायला आम्ही तिथे सकाळपासून उभे असायचो. मी दात-ओठ खात पासवर्ड सांगायचे. सत्काराची शाल खांद्यावर असताना भांडता येत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. तो वापीचा गुजराती, मी इथल्या, सिल्वासातल्या डोकमर्डीत वाढलेली. माझे वडील अमळनेरकडून इथल्या यार्नच्या कारखान्यात मशीनवर आले आणि इथलेच झाले. आम्ही दोघं एकत्र शिकलो, मग मी खडोलीतल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागले. तिथे एका सोमवारी सकाळी सगळ्या स्क्रीनवर एकच मजकूर आला: तुमच्या फाइल्स कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा. बिल निघेना, चलन निघेना, माल भरलेले ट्रक गेटवर अडकले, ड्रायव्हर सावली बघून झोपले. बाहेर सांगितलं गेलं की सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे. नंतर कळलं की शेजारच्या कारखान्यातही आदल्या वर्षी असंच 'मेंटेनन्स' झालं होतं, आणि त्याच्या पलीकडच्यातही. चोरी झाली तर माणूस आरडाओरडा करतो. ही चोरी अशी की ज्याच्या घरी झाली तोच दार लावून घेतो.

त्या आठवड्यातच आम्ही ठरवलं की हे काम आपणच करायचं. नोकऱ्या सोडल्या आणि माझ्या वडिलांच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत कंपनी सुरू केली. परवानगी घेऊन कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा प्रयत्न करायचा, कुठून शिरता आलं ते मालकाला दाखवायचं, भोकं बुजवायची आणि माणसांना सावध राहायला शिकवायचं, असं आमचं काम. वडील रोज शिफ्टहून आले की मला विचारायचे, "पण तू काम काय करस, ते तरी सांग." मी सांगायचे. ते ऐकून घ्यायचे, पाणी प्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचे.

काका भेटले ते अशाच एका संमेलनात. ते एका पॅकेजिंगच्या कारखान्याचे मॅनेजर, मूळ नाशिकचे, आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या असोसिएशनचे मानद सेक्रेटरी. सगळे त्यांना साहेब म्हणत. मी पहिल्याच भेटीत सर म्हटलं तर म्हणाले, "सर शाळेत. इथे काका म्हण, म्हणजे मला रागवायला बरं पडेल."

रागवले मात्र एकदाच, तेही फार पुढे. आमचा स्टॉल दर वेळी मागच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या बाजूला लागायचा. काकांनी तो उचलून जेवणाच्या हॉलच्या दाराशी आणला. म्हणाले, "इथून प्रत्येकाला जावंच लागतं. भूक लागलेल्या माणसाला अडवलं की तो लवकर हो म्हणतो." मग स्वतः तिथे उभे राहून एकेका मालकाला कोपराला धरून आणायचे. "ही आपली पोरं आहेत, जरा ऐका काय म्हणतात ते." त्यांचं ते 'आपली' ऐकलं की मला दरवेळी बरं वाटायचं. आपलं म्हणण्यासारखं आमच्यात अजून काहीच नव्हतं.

काकांचं एक प्रकरण सगळ्या वसाहतीला पाठ होतं. संमेलनाचा केटरर गुजराती, त्यामुळे डाळ गोड. काकांना गोड डाळ अजिबात चालायची नाही. इतकी वर्षं इथे काढूनही त्या डाळीशी त्यांचं जमलं नव्हतं. दर संमेलनात आभारप्रदर्शन काकांचंच असायचं आणि शेवटी ते माइकवरून म्हणायचे, "पुढच्या वेळी तरी डाळीत गूळ नको." हॉल हसायचा. केटररही हसायचा. पुढच्या वेळी डाळीत गूळ असायचाच.

शाली वाढत गेल्या, काम काही वाढेना. लहान कारखान्यांना आमच्यासारख्यांना स्वतंत्रपणे ठेवणं परवडत नव्हतं आणि मोठे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांकडे जायचे. तेव्हा काकांनीच तोडगा काढला. असोसिएशनने आमच्याशी करार करायचा, सभासद कारखान्यांनी मिळून एकच सुरक्षा यंत्रणा ठेवायची, आणि ती आम्ही चालवायची. एकट्याला जड जातं ते दहाजणांत हलकं होतं, एवढाच हिशेब. त्यांनी कराराचा मसुदा स्वतः लिहिला आणि तो घेऊन ते दारोदार फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न यायचा: "बीजा कोईए लीधुं छे?" दुसऱ्या कुणी घेतलंय का? सगळ्यांना दुसरं व्हायचं होतं. पहिलं व्हायला कुणी तयार नव्हतं.

इकडे माझा भागीदार खचत चालला होता. त्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं होतं. त्याने मला सरळ सांगितलं, "जो यार, बघ, या संमेलनात करार झाला तर ठीक. नाही झाला तर मी निघतो." तो गेला असता तर माझ्याने एकटीने कंपनी चालली नसती. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी कराराचा मसुदा घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "सांगून कुणी ऐकत नाही ना? मग दाखवा."

म्हणून आम्ही सराव करायचं ठरवलं. आमच्या धंद्यात त्याला ड्रिलच म्हणतात. आगीचा सराव करतात तसा हा फसवणुकीचा. सगळ्या सभासदांना खोटा मेल पाठवायचा, कोण फसतं ते बघायचं आणि संमेलनात नावं न घेता दाखवायचं. असोसिएशनच्या वतीने काकांनीच परवानगी दिली. मी म्हटलं, "तुम्हाला वगळते." तर म्हणाले, "मुळीच नाही. मला वगळलंत तर उद्या लोक म्हणतील की साहेबांना आधीच माहीत होतं. मला पाठव. आणि कधी पाठवणार तेही सांगू नकोस."

मेल आम्ही फार मन लावून तयार केला. असोसिएशनच्या पत्त्यात एक अक्षर बदललं, वर तेच बोधचिन्ह लावलं. विषय: 'संमेलनाचं जेवण: आपली पसंती कळवा.' आत ऑफिसच्या मेलचा पासवर्ड टाकून पुढे जायचं, मग जेवणाबद्दल सूचना लिहायच्या. सिल्वासात बँकेच्या नावाने मेल आला तर माणूस दोनदा विचार करतो. जेवणाच्या नावाने आला तर करत नाही. आमचा अंदाज इतका अचूक निघाला की उत्तरं यायला लागल्यावर आम्ही दोघं खुर्चीत अक्षरशः उड्या मारत होतो. अर्ध्याहून जास्त वसाहतीने आम्हाला आपले पासवर्ड लिहून दिले. आम्ही ते साठवले नाहीत, आल्या आल्या पुसून टाकत होतो, तेवढी शिस्त होती.

संमेलनासाठी स्लाइड भागीदाराने केली. आम्ही दोघांनी मिळून ती तपासली आणि तपासताना आपण काय शोधतोय हे आम्हाला पक्कं माहीत होतं: नावं, पत्ते, कारखाने, पासवर्ड. सगळं झाकलं. जेवणाबद्दलच्या सूचना तेवढ्या राहू दिल्या, कारण त्यांत गुपित असं काही नव्हतं आणि जरा गंमत येईल असं वाटलं. कुणी लिहिलं होतं, 'पनीर पुरे.' कुणी लिहिलं होतं, 'आइस्क्रीम दोनदा घेऊ द्या.' माणूस कशावरून ओळखू येतो हे शोधण्याचा आमचा धंदा. आणि आम्हाला दोघांनाही दिसलं नाही.

दमणगंगेच्या काठच्या हॉटेलात संमेलन होतं. हॉल भरलेला. मी बोलत होते आणि पहिल्यांदाच लोक फोन खाली ठेवून ऐकत होते. किती जण फसले ते सांगितलं, कुजबुज झाली. मग ती स्लाइड आली. लोक सूचना वाचून हसायला लागले. आणि मग शेवटची ओळ होती: 'या वेळी तरी डाळीत गूळ नको.'

आधी एक कोपरा हसला, मग सगळा हॉल. पहिल्या रांगेतले असोसिएशनचे अध्यक्ष मांडीवर थाप मारून ओरडले, "अरे, आ तो आपणा सेक्रेटरी साहेब!" लोक माना वळवून काकांना शोधायला लागले. ते नेहमीसारखे दाराशी उभे होते. हातात आभाराच्या भाषणाचा कागद. मी स्टेजवर होते, मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. तो हसरा नव्हता. क्षणभर ते एखाद्या अनोळखी घरात शिरल्यासारखे दिसले. मी रिमोटचं बटण दाबत होते, पण मागचं दाबत होते की पुढचं ते मलाच कळत नव्हतं. स्लाइड हलेना.

मग काकांनी हात वर केला आणि चालत पुढे आले. माझ्याकडून माइक घेतला. म्हणाले, "हो, मीच. सराव होणार हे मला माहीत होतं. परवानगी माझीच आहे. तरी मी पासवर्ड दिला. का? जेवणाचं नाव बघितलं आणि वाटलं, चला, या वेळी कुणीतरी विचारतंय." हॉल पुन्हा हसला, पण आता वेगळं हसला. काका थांबले. "माहीत असून मी फसलो. तुम्हाला तर माहीतही नव्हतं. मी नऊ-दहा महिने हा करार घेऊन तुमच्याकडे फिरतोय. आता अजून काय बघायचं राहिलंय?"

अध्यक्षांनी तिथेच सही केली. त्यांच्यामागे रांग लागली. ज्यांना दुसरं व्हायचं होतं ते सगळे एकदम दुसरे झाले. भागीदाराने मला मिठी मारली आणि पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. फोटो निघाले. त्या दिवसाच्या फोटोत मी हसते आहे आणि ते हसू खरं आहे, याचं मला अजून वाईट वाटतं. जेवताना मी काकांना शोधलं. ते कोपऱ्यात ताट घेऊन बसले होते आणि भातावर ती गोड डाळ घालून मुकाट्याने जेवत होते. मी म्हटलं, "काका, ती स्लाइड…" ते म्हणाले, "अगं, छान झालं ना काम? मग झालं तर."

काम छानच झालं. करारात आम्ही एक नियम घातला होता, आमच्या धंद्यात सगळीकडे असतो: सरावात ज्याने पासवर्ड दिला, त्याचं शिक्षण होईपर्यंत त्याच्याकडे पैसे पाठवायचे अधिकार ठेवायचे नाहीत. काकांच्या कारखान्यात आता मालकाचा मुलगा कारभार बघत होता. तरुण, हुशार, आमची प्रत्येक सूचना वहीत उतरवून घेणारा. त्याने नियम तंतोतंत पाळला. कारखान्याची सगळी देणी इतकी वर्षं काकांच्या सहीने जात होती. ती बंद झाली. शिक्षण झालं, परीक्षा झाली, काका पासही झाले, पण अधिकार काही परत आले नाहीत. मी त्या मुलाला जाऊन भेटले. मी म्हटलं, नियम तात्पुरता आहे. तो नम्रपणे म्हणाला, "मॅम, तुम्हीच तर सांगितलंत ना, की सगळ्यात मोठा धोका माणूस असतो?" मी तसं सांगितलं होतं. भिंतीवर लावायला पोस्टरसुद्धा आम्हीच दिलं होतं.

आमच्या वर्गाला काका पहिल्या बाकावर बसायचे. चष्मा लावून सगळं उतरवून घ्यायचे. मागून कुणीतरी हळूच 'डाळ' म्हणायचं आणि खसखस पिकायची. माझा पारा चढायचा. एकदा तर मी एका चांगल्या मोठ्या मालकाला वर्गाबाहेर काढलं. त्यावर काकाच मला ओरडले. ते माझ्यावर रागवले ते तेवढं एकदाच. "गिऱ्हाईक आहे तो तुझं! माझ्यासाठी धंदा बुडवशील काय?"

वर्षाच्या शेवटी त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. कारण वयाचं दिलं. पुढच्या संमेलनाला जेवणाच्या दाराशी कुणी उभं नव्हतं. आमचा स्टॉल आता मधोमध होता, मोठा, दिव्यांचा, आणि मागच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या बाजूला, दोन नव्या कंपन्यांचे छोटे स्टॉल होते. जेवायला गेले तर डाळीची दोन पातेली. एकावर चिठ्ठी: 'गूळ नाही.' अध्यक्षांनी खास सांगून करवली होती. "साहेबांसाठी," म्हणाले, "ते आलेच नाहीत?" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. ते पातेलं भरलेलंच होतं. मी त्यातलीच डाळ वाढून घेतली. आमच्या घरात असते तशी होती, साधी, हिंग-जिऱ्याची.

निवृत्तीनंतर काका नाशिकला गेले. आणि मग त्यांचे फोन सुरू झाले. "पोरी, विजेचं बिल आलंय मेलवर, उघडू का?" "पोरी, भाचीच्या लग्नाची पत्रिका आली आहे व्हॉट्सॲपवर, खरी असेल ना?" मी म्हणायचे, "काका, भाचीला फोन करून विचारा." तर म्हणायचे, "केला. तिने पाठवली म्हणते. पण तू बघ एकदा." सुरुवातीला भागीदार आणि मी हसायचो. आमचा सगळ्यात चांगला विद्यार्थी, असं भागीदार म्हणायचा. आम्ही सिल्वासातच, आमलीत मोठं ऑफिस घेतलं, काचेचं, तेव्हा त्यांना आमंत्रण पाठवलं. ते त्यांनी उघडलंच नाही. नंतर कळल्यावर हळहळले. म्हणाले, "तुझं नाव बघूनच थबकलो. ओळखीच्या नावानेच फसवतात, असं तूच शिकवलंस ना."

ज्या माणसाने आमच्यावर, कुणी ओळखत नसताना, नुसतं तोंड बघून विश्वास ठेवला, त्याला आम्ही हे शिकवलं.

माफी मागायचं माझ्या मनात फार दिवस होतं. फोनवर जमायचं नाही. मी सुरुवात केली की ते लगेच नाशिकच्या थंडीवर, द्राक्षांवर नाहीतर माझ्या लग्नावर जायचे. समोर गेले तर मला रडू येईल आणि ते मलाच समजावत बसतील, हेही माहीत होतं. म्हणून गेल्या महिन्यात ऑफिसात बसून त्यांना मेल लिहिला. मोठा. स्लाइडबद्दल, त्या नियमाबद्दल, त्या मुलाला मी नीट उत्तर देऊ शकले नाही त्याबद्दल. त्या डाळीच्या पातेल्याबद्दलही लिहिलं. तुमच्यामुळे आम्ही उभे राहिलो आणि उभे राहिलो ते तुमच्या पाठीवर, असंही लिहिलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'तुमची माफी मागायची आहे.' आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात वेगळाच उत्साह.

"पोरी, सावध राहा बरं का. तुझ्या नावाने कुणीतरी मेल पाठवतंय."

मी विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

"उघडतोय कशाला! वर विषयच असा लिहिलाय की मी लगेच ओळखलं. म्हणे, तुमची माफी मागायची आहे. मी म्हटलं, ही पोरगी माझी माफी कशाला मागेल? तिने काय केलंय माझं? लोकांच्या काळजाला हात घालतात, उघडायला लावतात. काढून टाकला. कचऱ्यातूनही काढला, तू सांगितलं होतंस तसा."

बाहेर आमलीच्या रस्त्यावर कारखान्याच्या बसेस शिफ्ट सुटलेली माणसं उतरवत होत्या.

"काय गं? बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंत, काका."

"म्हणजे या वेळी पास ना मी?"

मी म्हटलं, "पास."